माहेरच्या घराचं गाणं, दादरा आणि कॅमेरा: आमच्या म्युझिक व्हिडिओच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

गाण्याचं मिक्स आलं. ३ मिनिटं ४० सेकंद, दादरा ताल, ७२ ची लय म्हणजे मिनिटाला ७२ मात्रा (ठोके), तानपुरा मिरजेचाच, हार्मोनियम, तबला आणि शेवटच्या अंतऱ्यात चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिन. मैत्रिणीने स्वतः लिहिलंय आणि स्वतःच गायलंय. माहेरचं घर विकायचं ठरलं, सामान निघालं, त्याबद्दलचं गाणं आहे. एडिटिंग आणि शॉटचं नियोजन माझ्याकडे, कॅमेरा मित्राकडे, घर तिचंच, जानेवारीत ताबा द्यायचाय म्हणजे शूट डिसेंबर संपायच्या आत उरकायला पाहिजे.

नोंदी लिहायचं कारण असं की मला यावेळी आधी नीट विचार करायचाय. बहुतेक व्हिडिओत काय होतं तर ओळीत पाऊस आला की पडद्यावर पाऊस, ओळीत डोळे आले की डोळ्यांचा क्लोजअप, म्हणजे जे कानाने कळलंच आहे तेच परत डोळ्यांना सांगायचं. हिच्या गाण्यात एक ओळ आहे, "कुलूप लावलं तरी कडी हलत राहते." आता इथे कडी दाखवली तर ओळ संपली, तिच्यात पुढे काही उरत नाही. मग तिथे काय दाखवायचं? जे व्हिडिओ मला वर्षानुवर्षं सोडत नाहीत ते एकेक घेऊन बसणार आहे आणि बघणार आहे की त्यांनी गाण्यातलं नेमकं काय ऐकलं.

१२ नोव्हेंबर

आज फक्त 'हर्ट'. अमेरिकन गायक जॉनी कॅशचा, दिग्दर्शक मार्क रोमानेक. गाणं मुळात नाइन इंच नेल्स या बँडचं, ट्रेंट रेझ्नरने लिहिलेलं, १९९४ च्या अल्बममधलं, तेव्हा ते एका तरुण माणसाचं स्वतःला इजा करून घेण्याचं, व्यसनाचं गाणं होतं. कॅशने ते म्हटलं तेव्हा तो सत्तरीचा, आजारी. शब्द जवळजवळ तेच आणि अर्थ पार बदललाय, आणि त्यातला निम्मा बदल आवाजाने केला असेल तर उरलेला व्हिडिओने केलाय असं माझं ठाम मत आहे.

कसा केला ते लिहून ठेवते कारण आपल्यालाही घरच दाखवायचंय. टेनेसीत कॅशच्या घरी शूट केलंय आणि त्याचं जे 'हाउस ऑफ कॅश' म्युझियम होतं, बंद पडलेलं, पडझड झालेलं, तिथे. कॅश परगावी निघणार होता म्हणून घाईत तिकडेच जाऊन शूट करावं लागलं, आणि म्युझियम ज्या अवस्थेत होतं तशाच अवस्थेत रोमानेकने ते टिपलं, साफसफाई नाही, सजावट नाही. मग त्यात कॅशचं तरुणपणचं फुटेज, ट्रेनमधला, स्टेजवरचा, दांडगा. एक फ्रेम आजची, थरथरता हात टेबलावर वाइन ओततोय, आणि पुढची फ्रेम चाळीस वर्षांपूर्वीची. शब्दांत कुठेच "मी म्हातारा झालो" नाही. ते कटने सांगितलंय.

शेवटी पियानोचा एकच सूर ठोकल्यासारखा वाजत राहतो, आवाज चढत जातो, तिथे कट इतके जवळ येतात की जुनं आणि नवं वेगळं काढता येत नाही, मध्ये त्याने १९७३ साली केलेल्या येशूवरच्या सिनेमातले क्रूसाचे शॉटही येतात. आणि मग गाणं थांबतं आणि तो पियानोचं झाकण बंद करतो. त्याची बायको जून कार्टर जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे बघतेय तो शॉट तर मी कितीही वेळा बघितला तरी तिथे पॉज करून थांबावं लागतं. मे २००३ मध्ये ती गेली, सप्टेंबरमध्ये तो. २००७ ला ते घरही जळालं.

आपल्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच की लय बदलली नाही तरी कटची घनता वाढवून गाणं वर चढवता येतं. आपल्याकडे चेलो येतो ती जागा तशीच आहे. जुने फोटो आहेत का ते काकूंना विचारायचं.

१६ नोव्हेंबर

हिशेब मांडला आणि खरंच आनंद झाला. ७२ ची लय आणि २४ फ्रेम प्रति सेकंद, म्हणजे एका मात्रेला बरोबर २० फ्रेम. दादऱ्याच्या सहा मात्रा, १२० फ्रेम, एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं. पूर्ण गाणं ४४ आवर्तनं. २५ फ्रेमवर शूट केलं असतं तर मात्रेला २०.८३ पडले असते आणि प्रत्येक कटला कुठेतरी फ्रेम ढकलत बसावं लागलं असतं. त्यामुळे २४ ठरलं, मित्राला मेसेज केला.

मग ग्राफ पेपर घेतला. ही कल्पना फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गाँद्रीची. केमिकल ब्रदर्सच्या 'स्टार गिटार'साठी (२००२) त्याने आधी गाणं ग्राफ पेपरवर उतरवलं, मग संत्री, काटे, कॅसेट, पुस्तकं, ग्लास असं घरातलं सामान ओळीत मांडून बघितलं की कुठला आवाज म्हणजे कुठली वस्तू. व्हिडिओ दिसायला एकदम साधा, ट्रेनच्या खिडकीतून बाहेर बघतोय एवढंच. पण जरा वेळ बघितलं की लक्षात येतं, खांब येतो तो बीटवर येतो, इमारत येते ती दुसऱ्या एका आवाजावर, पूल येतो तो तिसऱ्यावर. फ्रान्समध्ये निम ते वालाँस या मार्गावर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी शूट केलेलं फुटेज आणि त्यावर कंप्युटरवर रचलेल्या वस्तू. गाण्यात शब्द नावालाच, तरी मला तो गाण्याचा सगळ्यात प्रामाणिक अर्थ वाटतो, कारण त्यात दिग्दर्शक गाण्यावर काही लादत नाही, आतली मांडणी उघडून दाखवतो. एकदा बघितल्यावर ते गाणं नुसतं ऐकलं तरी थर वेगवेगळे ऐकू यायला लागतात.

त्याचंच आधीचं 'अराउंड द वर्ल्ड', डाफ्ट पंकचं, १९९७. तिथे प्रत्येक वाद्याला नाचणारा एक गट दिलाय. रोबो म्हणजे तो यांत्रिक आवाज, खेळाडू बास गिटार, ते पायऱ्या चढतात उतरतात तसा बास वरखाली जातो, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन, आणि मुली कीबोर्ड. नृत्य ब्लांका लीचं. माझ्या ओळखीत एक तबला शिकवणारे सर आहेत, त्यांना दाखवलं, ते म्हणाले हे मुलांना वर्गात दाखवायला पाहिजे, सगळी वाद्यं एकत्र वाजताना एकच कसं ऐकायचं हे यातून कळेल.

आता आपला ग्राफ. तानपुरा सतत आहे, तो म्हणजे भिंती. तबला म्हणजे माणसांची हालचाल, पावलं, सामान उचलणं. हार्मोनियम म्हणजे उजेड. चेलो म्हणजे फोटो. आवाज म्हणजे चेहरा. असं लिहून भिंतीवर लावलंय, यातलं किती टिकतं ते शूटवर कळेल.

१८ नोव्हेंबर

मित्राने मिरज कोल्हापूर गाडीत खिडकीतून शूट केलं, कृष्णेचा पूल, मग जयसिंगपूरच्या बाजूचा ऊस. गाण्याखाली लावून बघितलं. खांब लयीत येत नाहीत, कारण गाडीचा वेग सारखा बदलतो. गाँद्रीला वस्तू रचाव्या का लागल्या ते कळलं. सुंदर फुटेज आहे पण आपलं गाणं घर सोडायच्या क्षणाचं आहे, प्रवासाचं नाही. बाजूला ठेवलं.

२३ नोव्हेंबर

स्लो मोशनवर काम. मैत्रिणीला एका कडव्यात स्लो मोशन हवंय आणि तिने तिथे गायचंही आहे. साधं स्लो मोशन केलं तर ओठ गाण्याच्या मागे पडणार. यावरचा उपाय जुना आहे. द पोलीसच्या 'रॅप्ड अराउंड युअर फिंगर' मध्ये (१९८३, दिग्दर्शक गॉडली आणि क्रेम) सगळीकडे मेणबत्त्या आणि स्टिंग त्यांच्यामधून स्लो मोशनमध्ये फिरतो, तरी ओठ शब्दांवर बरोबर. सेटवर गाणं फास्ट वाजवलं, गायकाने त्या वेगाने तोंड हलवलं, कॅमेरा जास्त वेगाने चालवला, आणि नॉर्मल वेगाने बघितलं की हालचाल संथ, ओठ जागेवर. शरीर एका काळात आणि आवाज दुसऱ्या, असं वाटतं, आणि ते त्या गाण्याला शोभतं कारण त्यात कोणीतरी कोणाच्यातरी ताब्यात आहे.

आम्ही दोन वेग करून बघितले. ४८ फ्रेमला गाणं दुप्पट, म्हणजे १४४ ची लय, तिला गाता येतं पण श्वास घ्यायला जागा राहत नाही आणि चेहऱ्यावर तो ताण दिसतो. ३० फ्रेमला सव्वापट, ९० ची लय, आणि हे फार सुंदर दिसलं. बघणाऱ्याला स्लो मोशन आहे हे कळतही नाही, फक्त केस आणि पदर थोडे जड वाटतात, ती पाण्यात असल्यासारखी. पट्टी तीच ठेवून फक्त वेग वाढवलेली फाइल करून घेतली म्हणजे तिला सूर बदलावा लागत नाही. जुन्या युनिटमध्ये गाणं वाजवायच्या मशीनला नाग्रा म्हणायचे, त्या टेपरेकॉर्डरचं नावच ते, आमचा नाग्रा म्हणजे मोबाईल आणि ब्लूटूथ स्पीकर. त्यातही ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा येतो पण ओठ आणि कॅमेरा दोन्ही स्पीकरच ऐकतायत म्हणून सिंकला फरक पडत नाही, टाइमलाइनवर एकदा सरकवलं की झालं.

मित्राची एक सूचना लिहून ठेवते: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, माजघरात ट्यूब आहे, तर शटर १/५० ठेवायचं, १/६० ठेवलं तर पट्टे दिसायला लागतील.

३० नोव्हेंबर

उलट चालणारे व्हिडिओ. 'ड्रॉप', फारसाइडचा, स्पाइक जोन्झ, त्यात सगळं उलटं शूट करून परत उलटं केलंय आणि गाणाऱ्यांनी शब्द उलटे पाठ केले, त्यासाठी भाषातज्ज्ञाची मदत घेतली. आणि कोल्डप्लेचा 'द सायंटिस्ट' (२००२, जेमी थ्रेव्ज), क्रिस मार्टिननेही अख्खं गाणं उलटं शिकून घेतलं. दुसरा मला जास्त मोठा वाटतो. गाणं आहे तुटलेल्या नात्याची माफी मागणारं, परत सुरुवातीला जायचंय म्हणणारं. व्हिडिओत तो खरोखर उलटा चालत सुरुवातीला जातो आणि तिथे गाडीचा अपघात आहे, तिचा मृत्यू आहे. गाण्यात अपघाताचा शब्दही नाही. तंत्रानेच शोकांतिका आणली, आणि आता ते गाणं तिच्याशिवाय ऐकताच येत नाही.

आपल्याला वापरायचा मोह झाला, सामान ट्रकमधून परत घरात येतंय वगैरे. नको. हिच्या गाण्यात परत यायची इच्छाच नाही, तिने घर सोडणं मान्य केलंय, आणि ते मान्य करणं हीच त्या गाण्याची ताकद आहे. उलटं चालवलं तर गाणं रडवेलं होईल.

४ डिसेंबर

घर बघून आलो. ओसरी, माजघर, आतली खोली, स्वयंपाकघर, परस. ओसरीत सकाळी साडेसातला ऊन आत येतं आणि माजघर दिवसभर काळोखात.

मनात 'अनफिनिश्ड सिंपथी' होतं, मॅसिव्ह अटॅक, १९९१, बेली वॉल्श. लॉस एंजेलिसच्या वेस्ट पिको बुलेव्हार्डवर शारा नेल्सन चालत गातेय, कॅमेरा स्टेडिकॅमवर (अंगावर बांधायचा, चालताना धक्के न बसू देणारा पट्टा) तिच्या पुढे पुढे, कट नाहीच, आजूबाजूला माणसं, कुत्रा, मुलं, आपापलं आयुष्य चाललेलं आणि ती कोणाकडे बघत नाही. कट नसल्यामुळे काय होतं की गाणारी व्यक्ती आणि आपण एकाच वेळेत अडकतो, तिला सोडून दुसरीकडे बघायची मुभाच नाही. एकटेपण शब्दात कमी आणि त्या न तुटणाऱ्या शॉटमध्ये जास्त आहे.

पूर्ण गाणं एका शॉटमध्ये आपल्याला जमणार नाही कारण घर ओसरीपासून परसापर्यंत चालायला अर्धा मिनिटही लागत नाही. पण पहिला अंतरा, १२ आवर्तनं, ६० सेकंद, एका शॉटमध्ये: ती ओसरीतून आत येते, माजघरात थांबते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ओळ संपते. उजेडातून काळोखात जाताना एक्स्पोजर लॉक ठेवायचा, म्हणजे कॅमेऱ्याने काळोख उजळवायचा नाही, माजघरात ती जवळजवळ दिसेनाशी झाली तरी चालेल, फक्त आवाज ऐकू यावा. मित्र म्हणाला लोकांना वाटेल कॅमेरा खराब आहे. मग त्याला 'कागज के फूल' मधलं 'वक्त ने किया' दाखवलं. १९५९. व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओत आरशांवरून उन्हाचा झोत आत आणला, बाकी सगळा काळोख. गुरुदत्त आणि वहिदा रेहमान, दोघंही तोंड उघडत नाहीत, गाणं कुठूनतरी येतं, कॅमेरा त्यांच्याकडे सरकतो, दूर जातो, आणि मग त्यांच्या शरीरातून त्यांच्या छाया निघून एकमेकांजवळ येतात. गीता दत्तचा आवाज कोणाच्याच ओठांवर दिला नाही, म्हणून तो दोघांचाही होतो. म्युझिक व्हिडिओ हा शब्द यायच्या कितीतरी आधी हे करून ठेवलंय. मूर्तींना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, सिनेमॅटोग्राफर म्हणून पहिलेच. मित्र गप्प बसून बघत होता, मग म्हणाला, "ठीकाय, माजघर काळोखातच ठेवू."

७ डिसेंबर

आवाजाबद्दल एक. प्रभातच्या 'कुंकू' (१९३७) मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीतच ठेवलं नाही, जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं, गाण्याच्या साथीलाही पडद्यावरच्या वस्तूच. आपल्यालाही गाण्याखाली घराचे आवाज थोडे ठेवता येतील का? कडीचा आवाज रेकॉर्ड करायचा. कडी दाखवायची ती पहिल्या अंतऱ्याच्या आधी, तानपुऱ्यावर, शब्द नसताना. मग तिसऱ्या अंतऱ्यात ती ओळ येईल तेव्हा फक्त तिचा चेहरा आणि अगदी हलका कडीचा आवाज. बघणारा स्वतः आठवेल.

१४ डिसेंबर

शूट झालं. पहाटेपासून ऊन जाईपर्यंत. लाँग टेक, म्हणजे पहिल्या अंतऱ्याचा तो न तुटणारा शॉट, सकाळीच घेतला कारण ओसरीतलं ऊन तासाभरात सरकतं. माजघरात ती खरंच नाहीशी होते आणि मग स्वयंपाकघराच्या दारातल्या उजेडात फक्त कडा दिसते, खांदा आणि केस. मॉनिटरवर बघताना माझ्या अंगावर काटा आला.

काकू दिवसभर होत्या. फोटो त्यांनी ट्रंकेतून काढून ठेवले होते. मी विचारलं, "काकू, हे टेबलावर मांडून शूट करू का?" तर म्हणाल्या, "टेबल कुठं हुतं गं आमच्याकडं, फडताळात ठेव, तिथंच असायचे." फडताळातच ठेवले, आणि ते शंभरपटीने बरोबर दिसलं. रिकामं फडताळ, एकेक फोटो, भिंतीवर कॅलेंडर काढल्याची फिकट चौकट. काही सजवलं नाही.

२१ डिसेंबर

एडिट. आधी सगळे कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर टाकले, जसं सगळेच टाकतात. धा आला की कट. पाच सात आवर्तनांनंतर डोळा आधीच ओळखतो आणि मग चित्र तबल्याच्या मागे फरफटत जातंय असं वाटतं. मग कट 'खाली'वर टाकून बघितले, म्हणजे तालाचा भार जिथे हलका होतो त्या चौथ्या मात्रेवर, समेपासून ६० फ्रेमवर. आणि गाणं श्वास घ्यायला लागलं. कारण आता सम शॉटच्या आत पडते, आणि समेवर काय पडेल ते आपण ठरवू शकतो, पाऊल टेकणं, ट्रंकेचं झाकण, मान वळणं. कट 'खाली'वर, घटना समेवर. दादऱ्यात धा धी ना झालं की धा ती ना मधल्या ती ना ला डग्गा (तबल्याचा खर्जाचा भाग) जरा गप्प होतो, त्या मोकळ्या जागेत नवीन शॉट येतो आणि स्थिरावतो, मग समेला ठोका बसतो. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं, तबला ऐकत बसल्यामुळे मिळालं.

चेलोच्या अंतऱ्यात नियम मोडला. तिथे फोटो, आधी एका आवर्तनाला एक, मग अर्ध्याला एक, मग दोन मात्रांना एक, शेवटी प्रत्येक मात्रेला, २० फ्रेम, २० फ्रेम, २० फ्रेम. 'हर्ट'कडून घेतलेलं आहे हे उघड आहे आणि ते मान्यच आहे. फरक एवढाच की तिथे शेवटी झाकण बंद होतं, आपल्याकडे तबला थांबतो, तानपुरा चालू राहतो आणि तिचा चेहरा दोन आवर्तनं न हलता, मग ती ओळ.

भिंतीवरच्या यादीतलं काय टिकलं: तबला म्हणजे हालचाल हे टिकलं, चेलो म्हणजे फोटो टिकलं, तानपुरा म्हणजे भिंती तर फारच टिकलं. हार्मोनियम म्हणजे उजेड हे टिकलं नाही, उजेड त्याच्या वेळेने येतो, हार्मोनियमच्या नाही.

२८ डिसेंबर

रफ कट मैत्रिणीला आणि काकूंना दाखवला. मैत्रीण म्हणाली माजघरातला काळोख अजून एक आवर्तन लांबव. लाँग टेक आहे, लांबवता येत नाही, पण त्याच्या आधीचा ओसरीचा शॉट आतल्या बाजूने घेतलेला आहे, तो वापरला तर काळोख आधी सुरू होतो. करून बघितलं, ती बरोबर आहे.

काकूंनी एकच गोष्ट सांगितली, कडीचा आवाज आतल्या दाराचा आहे, बाहेरच्या दाराची कडी वेगळी वाजते. ताबा ५ जानेवारीला जातोय, त्याआधी मित्र जाऊन बाहेरच्या दाराची कडी रेकॉर्ड करून आणणार. बाकी रंग, टायटल आणि फायनल सिंक तपासणं. ३० फ्रेमवाले शॉट टाइमलाइनवर ८० टक्के वेगाने बसलेत, त्यातला दुसऱ्या अंतऱ्यातला एक शॉट ओठांच्या दोन फ्रेम पुढे आहे, तो आज रात्री सरकवते.